विल्माच्या घरातली वरची खाट

आयुष्यभर विमानात प्रवाशांना कॉफी पाजून विल्मा काशुबा निवृत्त झाली, पण विमानवाल्यांची संगत काही सुटली नाही. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्समधलं आपलं घर तिनं त्यांनाच खाटेखाटेनं भाड्यानं दिलं. आज इथे तर उद्या लिस्बनला, अशी ही जमात. दोन उड्डाणांच्या मध्ये पाठ टेकायला मिळाली की खूश. खोल्याखोल्यांतून दुमजली खाटा, सगळ्यांना एकच भाडं, आणि शेगडीवर कायम बीटाचं सूप.

ते भाडं कैक वर्षं वाढलं नव्हतं. आणि आता ऐन थंडीत तळघरातल्या, घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरनं मान टाकली. नवा घ्यायला भाडं वाढवायचं, नाहीतर घर विकून फ्लोरिडाला बहिणीकडे जायचं. बहीण देवमाणूस, पण तिच्याकडे दिवेलागणीलाच सगळं चिडीचूप. विल्माला तिथं करमणं शक्यच नव्हतं. मात्र पोरांकडे जास्त पैसे मागायला जीभही रेटत नव्हती.

मग तिनं न्यायानं वागायचं ठरवलं. प्रत्येक खाटेवर स्वतः पडून बघायचं आणि मगच भाव लावायचा! खिडकीखालची खाट म्हणजे निव्वळ सुख. दाराजवळच्या खाटेशेजारून निम्मं जग बॅगा ओढत जाणार. मागच्या खोलीत ती शिडीनं वर चढली, आणि शिडी धाडकन खाली. विल्मा वर, नाक छताला. वरच्या मजल्यावर रात्रभर उडून आलेले भाडेकरू झोपलेले, त्यांना हाक मारून उठवायला तिचं मन होईना.

तासाभरानं किल्ली वाजली. केझिया, विमानात नुकतीच नोकरीला लागलेली पोर, आणि गिल, या घरातला सर्वांत जुना भाडेकरू, आत आले.

"अगं, तू वर काय करतेयस?" केझिया किंचाळली.

"भाव ठरवतेय!"

"म्हणजे वाढवणार?" गिलनं विचारलं.

विल्मानं डोळे गच्च मिटले. "वाढवणार. नाहीतर घर विकून फ्लोरिडा."

"सुटलो बुवा एकदाचा!" गिल म्हणाला. "मला तर खरंच लाज वाटायला लागली होती. पलीकडच्या गल्लीत दुप्पट घेतात, आणि सूप नाही ते नाहीच."

केझियाचं तोंड मात्र उतरलं. तिचा पगार तो केवढा!

"तोंड पाडू नकोस गं," विल्मा वरून ओरडली. "वरच्या खाटा आहे त्याच भावात. तासभर पडलेय इथं, जास्त मागायचं तोंडच नाही मला. खालच्या महाग! ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भरावं."

"गुडघे माझेच दुखतात!" गिल म्हणाला.

"मग भर की, मेल्या!"

शिडी लावायची सोडून केझियानं गाद्या ओढून खाटेपुढे रचायला सुरुवात केली. संकटात प्रवाशांना विमानातून झटपट उतरवायचं प्रशिक्षण तिच्या अंगात ताजं होतं. कमरेवर हात ठेवून तिनं आरोळी ठोकली, "सामान सोडा! इकडे या! उडी मारा!" झोपेतून उठलेले सगळे धावत आले आणि एका सुरात ओरडू लागले. घर नुसतं दणाणून गेलं. विल्मानं शिस्तीत छातीवर हात बांधले, पाय सरळ केले, आणि थांबली.

"मागे कुणी राहिलंय का?" तिनं वरून विचारलं.

"कुणी नाही! तूच राहिलीयस!"

"बरोबर. क्रू सगळ्यांत शेवटी उतरतो," विल्मा म्हणाली. "हे घर सोडायचं तर आधी तुम्ही सगळे, मग मी. तोवर फ्लोरिडाला म्हणावं, थांब!"

आणि हसत हसत तिनं उडी टाकली.