जर्मन साहेबाची बरणी

आधीच सांगतो, माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा, शब्दही साधेच आहेत. पण मी भिलाईत फॉरेनर लोकांच्या मेसमध्ये बेअरा आहे, आणि मेसमध्ये किस्से उष्ट्या ताटांसारखे जमतात. दुपारी सगळी घासून ठेवावीत, तर रात्री पुन्हा तेवढाच ढीग. त्यातले एका बरणीचे तेवढे सांगतो.

*

कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. मेसमध्ये सगळे रशियन, आणि त्यांच्यात एकच जर्मन, कुठलीशी मशीन बसवायला आलेला. त्याला आणायला मी जीपमधून दुर्ग स्टेशनला गेलो. सुटकेस त्याने मागे टाकू दिली, पण मांडीवरचं भांडं काही सोडलं नाही. राखाडी रंगाचं, पोट सुटलेलं, एका बाजूला कान, अंगावर निळी वेलबुट्टी. तोंडात जाड लोकरीचे मोजे कोंबलेले. खड्डा आला की साहेब आदळायचा, भांडं नाही.

आमचा आचारी किसनदादा भंडाऱ्याकडचा. त्याने मोजे काढून आत वाकून बघितलं.

"एवढ्या दुरून लोणच्याची बरणी आणली, अन् लोणचंच नाही?"

तेव्हापासून ती बरणीच.

*

साहेबाला हिंदीचे चार शब्द यायचे, बाकी सगळं हातांनी. एकदा त्याने सांगितलं, ही बरणी त्याच्या आईची. त्यांच्या गावात सफरचंदाचा रस आंबवतात आणि असल्या बरणीतून सगळ्यांना वाढतात. रोज.

आमच्याकडे सफरचंद घरात आलं की समजायचं, कोणाला तरी टायफॉइड झाला.

किसनदादा बराच वेळ कणीक मळत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "बिचारे. पुरं गावच आजारी दिसते."

*

भिलाईत सफरचंदं कुठून आणायची? म्हणून उन्हाळ्यात किसनदादाने बरणीत मठ्ठा भरला. मातीचं भांडं, माठासारखं गार करेल म्हणून खिडकीत वाऱ्याला ठेवलं. संध्याकाळी मठ्ठा चहासारखा कोमट.

"हे मातीचं कुठं आहे? हे तर भाजून भाजून गोटा झालं," किसनदादा चिडला.

साहेब हसला. त्याने बरणी माठातल्या पाण्याच्या बादलीत उभी केली आणि ती गार झाल्यावर ताजा मठ्ठा ओतायला लावला. जेवण संपेपर्यंत तो गार राहिला. रशियन साहेबांनी तीनदा मागितला. आमच्या जर्मन साहेबाने त्या दिवशी स्वतः सगळ्यांना वाढलं, आणि मी पहिल्यांदाच त्याला घरच्यासारखं वावरताना बघितलं.

*

मेसच्या मागे क्वार्टरं आहेत. तिथल्या शेवंतामावशींच्या पोरीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना पन्हं द्यायला मोठं भांडं नाही म्हणून त्या मेसमध्ये आल्या. साहेबाने आपण होऊन बरणी उचलून माझ्या हातात दिली. बोट माझ्या छातीला लावलं आणि म्हणाला, "तुम लाना." मी मान हलवली.

साखरपुडा झाला. मी बरणी आणायला गेलो.

"काल डोंगरेकाकूकडे दिली रे, त्यांच्याकडे सत्यनारायण होता," मावशी म्हणाल्या.

डोंगरेकाकू समोरच्याच क्वार्टरमध्ये राहतात. त्यांचे मिस्टर रेल्वेत आहेत.

"अरे, सकाळीच परत केली. रिकामी कशी देऊ? ताक भरून दिली."

पुन्हा मावशींकडे.

"तिनं ताक भरून दिलं, मंग मी काय रिकामं भांडं ठेवून घेऊ? बेलाचं सरबत भरून पाठवली तिला."

असं दहा-बारा दिवस चाललं. बरणी गल्ली ओलांडायची, पण मेसकडे वळायची नाही. मी लाजरा माणूस, बायामाणसांशी वाद कसा घालू? साहेब रोज टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघायचा, मग माझ्याकडे.

किसनदादा म्हणाला, "तू कावून घाबरून राहिला? फुटली नाही ना?"

मला तेच तर ठाऊक नव्हतं.

*

मग एका दुपारी साहेबाला हुकूम आला. काम झालं, संध्याकाळच्या गाडीने निघायचं.

मी पळत क्वार्टरांकडे गेलो. मावशी आणि काकू दोघी गल्लीत उभ्या, मधे बरणी. अख्खी. कानसुद्धा शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

"मले रिकामीच द्या," मी म्हणालो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. "साहेब आज जाऊन राहिला."

"त्याच्या मायची आहे ना?" शेवंतामावशी म्हणाल्या. "पोराबरोबर रिकामं भांडं पाठवलं, तर ते माय काय म्हणेल आमाले?"

"पण मावशी, बोटीचा प्रवास. ताक कसं टिकेल?"

मावशी आत गेल्या, काकू त्यांच्या घरात गेल्या. मावशींनी बरणी पुसून कोरडी केली. मग दोघींनी दोन्ही घरचे तांदूळ गळ्यापर्यंत भरले आणि तोंडाला फडकं बांधलं.

स्टेशनवर मी बरणी साहेबाच्या हातात दिली. ती जड लागली म्हणून त्याने फडकं सोडलं. मी हाताने दाखवलं, दोन बाया, आई, आणि "खाली नहीं देते." त्याने तांदळात बोटं घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

मी मेसच्या पितळी तांब्यात पाणी नेलं होतं. साहेब ते सगळं प्यायला. गाडीने शिटी दिली. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला, तर त्याने तो मागे घेतला, रुमालाने आतून पुसला, बॅग उघडली आणि लोकरीचे मोजे तांब्यात कोंबून तो माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर मे महिन्यात, मी ते मोजे घालून सगळ्या टेबलांवर चहा दिला.