मी फ्रान्सचं स्पेलिंग सुधारतो

काय सांगू तुम्हाला, माणसं नदीत बुडतात. मी अख्खी नदीच बुडवली! तीही फ्रान्सची, आणि पेनसिल्व्हेनियात बसून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात भूगोलात एम.एस. करत होतो. असिस्टंटशिप नकाशे काढायची. ती गेली की फी गेली, फी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की थेट नागपूर! त्यामुळे आमच्या प्रोफेसर मार्गारेट मॅम नुसत्या खोकल्या तरी मी बॅग भरायला घ्यायचो.

मॅमनी मला ल्वार नदीच्या खोऱ्याचा भिंतीवर लावायचा नकाशा दिला. नावं त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेली, मी फक्त शाईनं गिरवायची. दुपारी दोनला फ्रान्सहून आलेल्या एका बाईंचं त्यावर लेक्चर. तिकडे जिल्ह्याला डिपार्टमेंट म्हणतात, एवढंसुद्धा मी पाठ करून ठेवलं होतं!

लेक्चरच्या दिवशी सकाळी गिरवायला बसलो, तर काय? काही ठिकाणी ल्वारच्या स्पेलिंगला शेवटी ई, काही ठिकाणी नाही. दोन जिल्ह्यांच्या नावांतसुद्धा ई गायब!

तेवढ्यात माझा रूममेट सतीश कॉफी घेऊन आला.

"अरे यार, सिंपल स्पेलिंग मिस्टेक आहे. करेक्ट करून टाक."

"मॅमना विचारू का?"

"त्यांची चूक त्यांनाच दाखवणार? असिस्टंटशिप नकोय का तुला?"

झालं! जिथे जिथे ई नव्हता, तिथे तिथे मी पक्क्या काळ्या शाईनं ई बसवला.

अकराला मॅम पाहुण्या बाईंना घेऊन आल्या. बाई नकाशाजवळ गेल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आमची दुसरी नदी कुठे गेली?"

"दुसरी कुठली?" मी.

"बिनईची!"

अहो, तिथे नद्याच दोन! मोठी ईवाली, लहान बिनईची. आणि उच्चार दोन्हींचा ल्वारच! आता मला सांगा, नागपूरच्या माणसानं करायचं काय?

मॅम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू फ्रान्स करेक्ट केलास?"

मी मान डोलावली.

"दोनच्या आत ई काढ."

ब्लेड घेतलं. कानात विमानाची घरघर. एकेक ई खरवडत सुटलो. पावणेदोनला नकाशा हॉलमध्ये टांगला आणि मागच्या दाराला टेकून उभा राहिलो.

बाईंनी काठी उचलली, नकाशाकडे बघितलं आणि थांबल्या.

"सकाळी आमची लहान नदी हरवली होती," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "आता मोठी हरवली आहे."

घाबरून मी झाडून सगळेच ई खरवडले होते! हॉल खदखदून हसला. मॅम हसल्या की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो.

"असिस्टंटशिप राहील तुझी," त्या म्हणाल्या. "पण यापुढे तू फक्त डेझर्टचे नकाशे काढायचे. तिथे नद्या नसतात."

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! दारापर्यंत गेलो, आणि वाटलं, या वेळी तरी आधी विचारून घेऊ.

"मॅम, डेझर्टमध्ये एस एक की दोन?"