एकदाच वाजणारं रेकॉर्डिंग
कपाट आवरताना माझा जुना हेडफोन हाती लागला, त्याचा कुजलेला फोम बोटांना काळा चिकटला आणि बाळकुमच्या घरातली ती सकाळ आठवली. पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायचं म्हणून मी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होते. ऐकण्याच्या पेपरात रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, म्हणून सरावालाही मी ते मध्ये थांबवायचे नाही. आदल्या दिवशी आई चहाचं विचारायला आत आली, तर मी तिच्यावर केवढी ओरडलेले, "तुझ्यामुळे चार उत्तरं गेली माझी!" त्या सकाळी तिने शिट्टी नको म्हणून कुकरही लावला नव्हता. अर्ध्या तासाने मी उड्या मारतच बाहेर आले, "आई, चाळीसपैकी चौतीस!" आई बाहेरची साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. "छान झालं," ती म्हणाली. "आता निघूया का गं? मामीचा फोन आलेला. मामाला खूप दम लागलाय, लगेच या म्हणाली." मी विचारलं, "कधी आलेला?" "तू नुकतीच बसली होतीस." रिक्षा खाडीच्या पुलावर अडकली. कळव्याला पोचलो तेव्हा मामाच्या बिल्डिंगच्या गेटपाशी माणसं गप्प उभी होती, आणि आईला बघून त्यांनी वाट करून दिली. त्यावरून आई मला कधी एका शब्दाने बोलली नाही. मी परीक्षा पास झाले, परदेशी शिकून परतही आले. पण अजून तिचा फोन आला की ती आधी विचारते, "आत्ता बोलू का गं?"