गावडे लंगरात होते

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिला माझं सगळं माहीत होतं — माझं घोरणं, माझा तापटपणा, भावाशी झालेलं भांडण. एवढं एक सोडून. ती गेली आणि हे माझ्याजवळच राहिलं. आज तुम्हाला सांगतोय. सरळ सांगता येईल असं मात्र वाटत नाही — मधे मधे अडखळेन, तेवढं चालवून घ्या.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली होती. गणेशोत्सव मंडळाने तिथे वाचनालय काढलं होतं. चार कपाटं, दोन बाकं, एक पंखा. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. ते मी हौसेने सांभाळायचो. दर रविवारी सकाळी दहाला तिथे आमची मंडळी जमायची. सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे, देवधर्म पाळणारे, जुन्या वळणाचे. नव्या कादंबऱ्यांचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांना हवा असायचा लढायांचा इतिहास, नाहीतर हेरांच्या आणि खुनाच्या रहस्यकथा. त्यातही अटी! आपला देश हरता कामा नये, फितुराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि पुस्तक सुनेच्या हाती पडलं तर सासऱ्याला मान खाली घालायला लागू नये. अशी पुस्तकं शोधणं सोपं नव्हतं हो. पण मी शोधायचो. आधी स्वतः वाचायचो आणि पसंत पडलं की पहिल्या कोऱ्या पानावर लाल पेन्सिलीने लिहायचो — ‘खात्रीचे’. ते बघितल्याशिवाय आमचे आपटे पुस्तक घरी नेत नसत.

माझ्या शब्दाला एवढा मान का? कारण मी एकाहत्तरच्या लढाईत गोळी खाल्लेला माणूस होतो. मला सगळे ‘मेजर’ म्हणायचे.

आता अर्धं इथेच सांगून टाकतो — मी मेजर नव्हतो. साधा शिपाईही नव्हतो. लष्कराच्या एका कोठारात मी कारकून होतो; सोसायटीत एवढंच माहीत होतं की मी ‘लष्करात’ आहे, आणि बायकोला वाटायचं, लोक मला थट्टेने मेजर म्हणतात. सव्वीस वर्षं बुटांच्या खोक्यांवर आणि घोंगड्यांच्या गाठींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एकदा त्या गाठींची थप्पी अंगावर कोसळली आणि डाव्या पायाची नडगी मोडली. हाड वाकडं बसलं, मी लंगडायला लागलो. वाचनालय सुरू झालं त्या महिन्यात आपट्यांनी विचारलं, “पायाला काय झालं? लढाईत का?” मी ‘हं’ म्हटलं. एवढंच! पण त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला फार आवडलं. कोठारात माझ्याकडे तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग पुढच्या रविवारी थोडं, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडं — वर्षभरात मी अख्खी लढाई उभी केली. मालमसाला त्याच कपाटांतला. मंडळी नंतर ती पुस्तकं वाचायची आणि म्हणायची, अगदी मेजर सांगतात तस्सं आहे!

आमच्यात गावडे म्हणून एक होते. मूळचे मालवणकडचे, नाहूरला चाळीत राहायचे, कांजूरमार्गला एका कारखान्याच्या गेटवर नोकरी. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी. आणि ते खरोखरच लष्करातून आलेले होते. ते पहिल्यांदा आले त्या रविवारी हे कळलं, तेव्हा आता आपलं बिंग फुटणार असं मला वाटलं. पण गावडे हसून म्हणाले, “मी लंगरात होतंय. लढाई खंयची? डाळ शिजवूक होतंय.” लंगर म्हणजे लष्कराचा भटारखाना. केवढं हायसं वाटलं मला! मग मी त्यांची थट्टा सुरू केली. ‘काय लंगरवाले, आज मीठ बरोबर पडलं का?’ हे माझं रविवारचं ठरलेलं वाक्य. ते हसायचे. माझ्या गोळीबाराच्या गोष्टी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकायचे आणि जाताना एखादी रहस्यकथा घेऊन जायचे. लढाईवरचं पुस्तक त्यांनी कधी नेलं नाही. का नेत नसतील? कुणाला काय आवडतं हे ओळखण्यात मी स्वतःला मोठा समजायचो, पण हा प्रश्न मला पडला नाही.

मग ते पुस्तक आलं. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी, पातळसं, हलक्या कागदावर छापलेलं. त्यात एकाहत्तरच्या लढाईतला एक प्रसंग होता. चिखलाने भरलेलं एक शेत, त्यात सुरुंग पेरलेले, आणि पलीकडच्या बांधापाशी पडलेले तीन जखमी. कोकणातला एक जवान त्या शेतात उतरला. एकेक पाऊल चाचपत पलीकडे गेला. एका जखमीला पाठीवर घेतलं आणि चिखलात उमटलेल्या स्वतःच्याच पावलांवर पावलं टाकत परत आला. पुन्हा गेला, दुसऱ्याला आणलं. आणि तिसऱ्यांदा गेला — तिसरा जखमी शत्रूचा होता. माझं नाव छापू नका, अशी त्या जवानाने विनंती केली होती, असंही अधिकाऱ्याने लिहिलं होतं.

मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं आणि तो प्रसंग पहिल्यापासून वाचला. पहिली फेरी समजते हो. दुसरीही समजते, आपला माणूस आहे. पण तिसरी? दोनदा जीव वाचवून आलेला माणूस बांधावर उभा आहे, त्याला कुणी हुकूम दिलेला नाही, आणि तो पुन्हा उतरतो — कशाच्या बळावर? त्या क्षणी तो माणूस समोर आला असता तर मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. आणि खरं सांगतो, त्याच्या पाठोपाठ मला राग आला. माझ्या अख्ख्या बनावट लढाईत असं एकही पाऊल नव्हतं.

रविवारी आपट्यांनी ते पुस्तक वर धरलं. “मेजर, हे काय? आपला जवान शत्रूला आणायला जाईल?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अशक्य. आणि वर शास्त्र सांगितलं — पाठीवर माणूस असला की पाऊल रुंद पडतं, जुन्या ठशात बसत नाही, टाच घसरते, आणि टाच घसरली की खेळ खलास. लेखकाने घरी बसून रचलंय.

कोपऱ्यातून गावडे हळूच म्हणाले, “टाच टेकवची नाय. चवडो आधी टेकवचो.”

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग मीच म्हणालो, “डाळीचं पातेलं नेताना का हो?” सगळी खोली हसली. गावडेही हसले. मी त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘काल्पनिक’ असं लिहिलं आणि ते रहस्यकथांच्या कपाटात सारलं.

इथवर मी नुसता बढाईखोर होतो. तसे गल्लोगल्ली असतात. पुढचं वेगळं आहे — आणि पुढचं सांगायचं म्हणूनच मी इतका वेळ घुटमळतोय.

महिन्याभराने गावड्यांची मुलगी आली. सुनंदा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, बोलायला फटकळ. वाचनालयात मी एकटाच होतो. तिने ते पुस्तक मागितलं, उभ्या उभ्या तो प्रसंग शोधून वाचला आणि मग बाकावर बसली. आदल्या दिवशी त्यांच्याकडे साताऱ्याचा एक माणूस जेवायला आला होता, वडिलांचा लष्करातला सोबती. निघताना चपला घालता घालता तो तिला म्हणाला होता, “पोरी, तुझ्या बापाच्या पाठीवर बसून परत आलोय मी. आमच्या साहेबांनी छापलंय ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात.” तिने वडिलांना विचारलं. ते म्हणाले, त्याचं वय झालं, काहीही बोलतो, मी लंगरात होतो.

“काका, तुम्ही स्वतः लढलायत ना,” ती म्हणाली. “मला खरं सांगा, असं होऊ शकतं? ते लष्करातून परत आल्यापासून बघतेय मी, बाबा गेटवर उभे राहून कुणाच्याही गाडीला सलाम ठोकतात. कालची पोरं त्यांना अरे-तुरे करतात आणि हे हसतात. मला जाम राग येतो त्यांचा. घरी ओरडते मी त्यांच्यावर. हे खरं असेल ना काका, तर मी परत आयुष्यात त्यांना एक शब्द बोलणार नाही.”

ती काय मागत होती, कळतंय ना तुम्हाला? एका मुलीला तिचा बाप हवा होता. आणि तो देणं माझ्या हातात होतं.

कारण मला उत्तर माहीत होतं. ती बोलत असतानाच मला ते वाक्य आठवलं होतं — चवडा आधी टेकवायचा. डाळ शिजवणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? ते शेत चालून आलेल्या माणसाचंच ते वाक्य होतं. मी ज्याच्या पायांवर डोकं ठेवणार होतो तो माणूस वर्षभर माझ्या समोरच्या बाकावर बसत होता! त्याला मी माझी गोळी सांगत होतो, मिठावरून हसत होतो, आणि पाऊल कसं घसरतं हे शिकवत होतो. तो सगळं ऐकून घेत होता. उठावं, नाहूरला जावं आणि त्याला नुसतं बघून यावं असं वाटलं मला. देवळात जाऊनही मला कधी तसं वाटलेलं नाही.

आणि मग दुसरा विचार आला. हे खरं म्हणालो तर रविवारी काय सांगू? मेजरला कसं कळलं नाही? आणि एकदा विचारायला लागले की कुठवर विचारतील?

मी म्हणालो, “बाळ, जुने सैनिक जेवायला बसले की अशा गप्पा मारतात. मनावर घेऊ नकोस. मी तिथे होतो. असं होत नाही.”

मी तिथे होतो. हे शब्द मी तिच्या डोळ्यांत बघून उच्चारले.

तिने पुस्तक मिटलं. मग “वाटलंच मला” म्हणाली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि गेली.

तिने घरी काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला आजही माहीत नाही. गावडे रविवारी आले. पुढच्याही रविवारी आले. दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीची पूजा असायची, म्हणून आदल्या दिवशी आम्ही खोली धुऊन काढायचो. त्या वर्षी गावडे सगळ्यांच्या आधी आले आणि खराटा घेऊन कामाला लागले. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने पाणी ओतत होतो. एकदम जाणवलं, खराट्याचा आवाज थांबलाय. ते माझ्या नडगीकडे बघत होते. वाकडं हाड, वर धड कातडी. गोळीची खूण कुठेच नाही. आपट्यांना काही कळलं नसतं, पण गावड्यांनी गोळ्या लागलेली माणसं पाहिली होती. पाठीवर वाहिली होती.

त्यांनी वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे बोलणार. बोलावं, असंही वाटलं — म्हणजे एकदाचं सुटेन. तेवढ्यात बाहेर आपट्यांचा आवाज आला. गावडे खाली वाकले, ओल्या हाताने माझी पँट घोट्यापर्यंत ओढून नीट केली आणि म्हणाले, “मंडळी इली.” मग पुन्हा खराटा मारायला लागले.

लढायांवरची मी किती पुस्तकं वाचली असतील! हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. माझी लाज झाकायला तो माणूस माझ्या पायाशी वाकला होता. कुठून आणतात माणसं एवढं मन?

तुम्ही म्हणाल, त्यांनाच आपली गोष्ट लपवायची होती, मग तुझा दोष काय. मीही स्वतःला हे सांगून बघितलं आहे. पण त्यांच्यासाठी मी गप्प बसलो नव्हतो. त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

अठ्ठ्याऐंशीत गावडे गेले. कारखान्याच्या गेटवरच झटका आला. सुनंदाचं तोवर लग्न झालं होतं, ती बोरिवलीहून आली. साताऱ्याचा तो सोबती आधीच वारला होता, आणि ते पुस्तक लिहिणारा अधिकारीही. म्हणजे आता ते शेत कुणाचं होतं हे सांगू शकणारा, माझ्या माहितीत, मी एकटा उरलो होतो. रविवारी वाचनालयात शोकसभा ठेवली. आपटे म्हणाले, “सैनिकाबद्दल सैनिकानेच बोलावं. मेजर, तुम्ही बोला.”

मी सांगायचं ठरवून आलो होतो. शप्पथ घेऊन सांगतो, ठरवून आलो होतो. वाक्यंही जुळवली होती. उभा राहिलो. समोरच्या बाकावर सुनंदा, शेजारी तिचा नवरा, मागे सगळी मंडळी — सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी त्याच आदराने. आणि मी म्हणालो, “गावडे लंगरात होते. पण जवानाच्या पोटात अन्न गेलं तरच त्याला बंदूक उचलता येते. भाकरी भाजणारा माणूसही सैनिकच असतो.”

आपट्यांनी डोळे पुसले. सभा संपल्यावर सुनंदा माझ्यापाशी आली. “काका,” ती म्हणाली, “मी बाबांना फार बोलले हो. त्यांना सैनिक असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात. केवढा मान दिलात त्यांना.”

तिने वाकून मला नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.