चाचांच्या बागेतलं कारंजं

आमच्या कारखान्याचे चेअरमन सहकाराच्या अभ्यास दौऱ्यावर विलायतेला जाऊन आले आणि तिथून त्यांनी काय शिकून यावं? उसाची नवी जात नाही, ठिबक नाही, मळीचं काही नाही. तर तिकडचे लोक वसंत ऋतूत तिकीट काढून दुसऱ्यांची जुनी घरं आणि बागा बघत हिंडतात, हे.

"पैसे देऊन, बरं का," ते टेबलावर बोट आपटून सांगत होते. "परक्याच्या घरात शिरत्यात, फुलं बघत्यात, आन् गुमान निघून जात्यात. आपल्याकडं काय कमी हाय?"

आपल्याकडं पाणी कमी होतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. ऊसच नव्हता म्हणून गाळप संक्रांतीच्या आधी आटोपलं आणि कारखान्याच्या आवारात कुत्री निवांत झोपायला लागली. पण हे तोंडावर सांगणार कोण? सगळे संचालक माना डोलवत होते. मी शेतकी अधिकारी. ऊस नाही म्हणजे शेतकीवाल्याला काम नाही, असा साधा हिशेब होऊन 'वसंत वारसा दर्शन' माझ्या गळ्यात पडलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याचे संचालक सपत्नीक येणार होते. बावीस माणसं. त्यांना एक जुनी गढी, एक जुनं घर आणि एक बाग दाखवायची, शेवटी जेवण घालायचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय.

गढी आणि घर मिळालं. बाग कुठून आणायची? अख्ख्या तालुक्यात त्या साली हिरवं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, चाचांचं.

चाचा जातीचे बागवान, उमापूरच्या बाजारात फळं विकायचे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यातल्या कुणा अंमलदाराच्या बंगल्यावर माळी होते. राज्य गेलं, अंमलदार हैदराबादला निघून गेला आणि जाताना बंगला-बाग माळ्याच्या नावावर करून गेला. बंगला म्हणजे आता दोन खोल्या आणि चार दगडी कमानी. पण पुढं मोसंबीची अकरा झाडं होती, वडिलांच्या हातची, आणि मधोमध एक आठकोनी हौद, त्यात दगडी कमळाचं कारंजं. ते उडालेलं चाचांनीसुद्धा लहानपणीच पाहिलेलं.

ही अकरा झाडं त्यांनी त्या दुष्काळात कशी धरली होती ते मी डोळ्यांनी बघत होतो, कारण माझा जाण्यायेण्याचा रस्ताच तो. दिवसाआड, झाडाला दोन घागरी. विहिरीत दोरीला गाठी मारून सोडलेली, रोज सकाळी ती बघून पाणी किती उरलं ते ठरवायचं. "मिरगापतुर पुरतंय साहेब," ते म्हणायचे. "कुणी हात न्हाई लावला तर बराबर पुरतंय." आळ्यांत उसाचं पाचट अंथरायचा सल्ला माझा होता, त्याबद्दल दर दिवाळीला मला एक टोपली यायची. फाटकाजवळच्या पहिल्या झाडाची मोसंबी. पातळ सालीची, दिसायला ओबडधोबड, पण रस असा की आमच्या घरात त्यावरून भांडणं व्हायची.

मी नुसती बाग दाखवा म्हणायला गेलो होतो. चेअरमनना मात्र कारंज्याचा पत्ता लागला. "कारंजं हाय आन् उडवायचं न्हाई? मग पाव्हण्यांनी काय दगड बघायचे?" कारखान्याचा टँकर हौद भरून देईल, असं त्यांनी जाहीर केलं. टँकर आदल्या दिवशी त्यांच्या मेहुण्याच्या गावाकडं वळला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मी फोन केला तर म्हणाले, "अवो, त्या म्हाताऱ्याच्या हिरीत हाय की पाणी. तुमी शेतकीचे ना? काढा काहीतरी आयडिया."

आणि मी काढली. हेच मला आजही सहन होत नाही. चेअरमनला शिव्या घालायला मला आवडतं, पण आयडिया माझी होती. मी चाचांना पटवलं की विहिरीतलं पाणी हौदात घ्यायचं, छोटी मोटर लावून तेच तेच पाणी अर्धा तास कारंज्यातून फिरवायचं, पाहुणे गेले की बादल्यांनी झाडांना घालायचं. "पाणी कुठं जातंय चाचा? विहिरीत काय आणि हौदात काय." वर आणखी हिशेब करून दाखवला, कागदावर, पेन्सिलीनं. झाडांना पंधरा दिवसांचं पाणी एकदम वर काढलं की बादल्या ओढायचा त्रासही वाचेल, असलं काहीतरी.

चाचा कागदाकडं बघतच नव्हते. "लोकं किती हायेत?"

"बावीस."

"दुरून येणार?"

"हो, पाच-सहा तासांवरून."

"मग न्हाई कसं म्हणायचं," ते म्हणाले. "मेहमान दारापतुर आला आन् हौद कोरडा, बरं दिसतंय का? अब्बा असते तर त्यांनी बी भरला असता. पण साहेब, पाणी माघारी झाडांना. तुमच्या शब्दावर."

मी शब्द दिला.

दौऱ्याचा दिवस उजाडला. होळी होऊन गेलेली, ऊन आत्तापासूनच चामडी सोलणारं. पहिली होती गढी. मालकांनी जुन्या काळ्या दगडी कमानीला आमच्या स्वागतासाठी गुलाबी ऑइलपेंट फासून ठेवलेला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी लाकडी खांबांवरचं कोरीव काम बघायचं म्हटलं, तर मालक म्हणाले, "ते काय, जुनंच हाय," आणि सगळ्यांना मागच्या बाजूच्या नव्या स्लॅबच्या खोल्या दाखवायला घेऊन गेले. सोफा, शोकेस, शेवटी फरशी बसवलेली मोरी. बावीस माणसं मोरीच्या दारात ओळीनं उभी राहून आत डोकावून गेली. दुसऱ्या घरात तेच, फक्त मोरीऐवजी फ्रीज. माझं माहितीचं भाषण खिशातच राहिलं. एक संचालक मला हळूच म्हणाले, "असली मोरी तर आमच्या घरी बी हाय की."

दुपारी चाचांकडं पोचलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची पांढरी फक्की मारलेली बघूनच माझं डोकं सणकलं, पण ते तेवढ्यावर राहिलं. मोसंबीला बोराएवढी फळं धरलेली होती. चाचांनी धुतलेला सदरा घातला होता, कानात अत्तराचा फाया. घरच्या माठातल्या पाण्यात गूळ आणि सब्जा घालून त्यांनी बावीस ग्लास सरबत तयार ठेवलेलं. त्या घरात दोन दिवसांचं पिण्याचं पाणी तेवढंच असेल.

फिटरनं मोटर सुरू केली. कमळातून आधी धूळ, मग गढूळ पिचकारी, आणि मग खरोखर पाणी उडालं, पुरुषभर उंच. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा तोंड उघडं ठेवून बघत होते. साठ वर्षांच्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मी स्वतःवर खूश होतो, हेही सांगून टाकतो.

तेवढ्यात तुषार अंगावर घेत एक बाई म्हणाल्या, "अगं, पोहण्याच्या टाकीसारखा वास येतोय बघ."

वास मलाही आला. टीसीएल. गावोगावच्या विहिरींत पाणी शुद्ध करायला टाकतात ती पांढरी पावडर. मी आमच्या शिपायाला बाजूला ओढलं.

"हौदात टीसीएल कुणी टाकली?"

"म्या. पोत्यातली अर्धी."

"कावून बे?"

"तुमच्याच परिपत्रकात हाय की सायेब."

होतं. कुणीही मोठा माणूस येणार म्हटलं की आमच्याकडं एक ठरलेला कागद निघतो. मागच्या वेळचा बाहेर काढायचा, तारीख बदलायची, सही ठोकायची. 'सर्व ठिकाणी साफसफाई, रस्त्याच्या कडेने फक्की व पाणीसाठ्यांचे शुद्धीकरण करून घेणे.' मंत्री येवोत, बँकेचे साहेब येवोत नाहीतर उसाचं बेणं बघायला कुणी येवो, हीच ओळ. ती मी न वाचता पुढं ढकलली होती, खाली माझी सही. शिपायानं पाहुणे मोठे म्हणून पावडरही सढळ हातानं टाकली. त्याला दोष कसा द्यायचा? वाचता येणाऱ्यानं वाचलं नव्हतं.

चाचांना कळलं ते मी सांगायच्या आधी. बागवानाला फवाऱ्याचा वास कळत नाही होय? त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग ते सरबताचं ताट घेऊन पाहुण्यांत फिरले, सगळ्यांना आग्रह केला, बायकांना हौदाच्या कठड्यावर बसायला रुमाल अंथरून दिला. कुणी ग्लास संपवला, कुणी दोन घोट घेऊन ठेवला. गाडी हलल्यावर चाचांनी ते उष्टे ग्लास गोळा केले आणि एकेक करून फाटकाजवळच्या झाडाच्या आळ्यात ओतले.

"चाचा," मी म्हणालो, "हे पाणी झाडांना घालू नका. मुळं जळतील. उन्हात उघडं राहू द्या, उग्रपणा उडून जातो."

"किती दिवस?"

"एवढी पावडर आहे म्हणजे... आठ दिवस तरी."

"आठ दिवसात निम्मं पाणी बी उडून जाईल, साहेब."

हेही खरंच होतं. माझा पेन्सिलीचा हिशेब चुकून हौद भरता भरता विहीर तळाला गेलेली, घरात प्यायला चार घागरी पाझरत होत्या तेवढ्याच. मी कारखान्याकडं टँकर मागितला. अर्ज द्या म्हणाले. दिला. चेअरमननी वर हसून पाठीवर थाप मारली, "पण कारंजं काय उडालं वो! दरसाल करू." तो अर्ज आजही कुठल्या तरी फाइलीत असेल.

चाचा रोज सकाळी हौदात बोट बुडवून वास घ्यायचे, असं लोक सांगायचे. लोक सांगायचे म्हणतो, कारण मी तो रस्ता सोडून दिला होता. लांबच्या फाट्यानं जायचो. पाचव्या दिवशी बोराएवढी फळं गळायला लागली तेव्हा त्यांना धीर धरवला नाही, हौदातलं पाणीच आळ्यांत ओतायला घेतलं, असंही कानावर आलं. पुढचं मी विचारलं नाही. इतका भित्रेपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या बाबतीत केलेला नाही.

पुढं मृग पडला, चांगला पडला. ऊस लागला, 'वसंत वारसा'चं नाव कुणी काढेना. श्रावणात एकदा धीर करून मी चाचांच्या फाटकावरून गेलो. आत शिरलो नाही. अकरापैकी सात झाडं होती. फाटकाजवळची जागा सपाट करून सारवलेली आणि तिथं एक बाज टाकलेली.

दिवाळीला टोपली आली. चाचा स्वतः घेऊन आले, चहा प्यायले, उसाची चौकशी केली. उठताना म्हणाले, "फाटकाजवळच्या झाडाची हायेत."

ते गेल्यावर बायकोनं एक मोसंबं कापलं. मोठं, गोल, पिवळंधमक, साल बोटभर जाड. "ही ती न्हाईत," ती म्हणाली. ती बाजारातून आणलेली होती. फळं विकणाऱ्या माणसानं माझ्यासाठी दुसऱ्याकडून फळं विकत घेतली होती, कारण दिवाळीला माझ्याकडं टोपली यायचीच असते.

आमच्याकडं टोपली रिकामी परत करत नाहीत. मी तिरीमिरीत उठलो आणि रोपवाटिकेतून मोसंबीची चार कलमं आणली. टोपलीत उभी करून ठेवली, घराबाहेर पडलो, आणि वेशीपर्यंत गेल्यावर डोक्यात उजेड पडला. ही कलमं चाचांच्या हातात दिली म्हणजे त्यांना तोंडावर सांगणंच झालं, की तुमचं झाड मेलंय हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही खोटं बोललात. त्या माणसानं माझी लाज झाकायला एवढा खटाटोप केला होता. माफी मागायचीही सोय त्यानं मला ठेवली नव्हती.

मी माघारी आलो. कलमं काढून परसात ठेवली. बायकोनं टोपलीत दरवर्षीसारखे शेवेचे लाडू भरले आणि मी ती चाचांच्या घरी नेऊन दिली.

"मोसंबी गोड निघाली ना?" त्यांनी विचारलं.

"लई गोड," मी म्हणालो, आणि त्या बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो.