तिचं गळ्यातलं

दुर्बिणीच्या तपासणीला आत नेण्याआधी सिस्टर म्हणाल्या, "अंगावरचे दागिने सगळे काढा." बायकोने बांगड्या आणि कुड्या काढून रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या. मंगळसूत्रापाशी मात्र ती थांबली. "तुम्ही खिशात ठेवाल आणि विसराल," असं म्हणत तिने ते सरळ माझ्याच गळ्यात घातलं आणि वरून शर्टाचं बटण लावून टाकलं.

ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसलो. तोंडातून नळी जठरापर्यंत जाणार होती. नळीच्या टोकाच्या सोनोग्राफीतून जठरामागच्या स्वादुपिंडातली गाठ दिसणार होती आणि सुईने त्या गाठीचा कण घेणार होते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मी मात्र एकतीस वर्षं शेजारी झोपूनही, पोट दुखतंय म्हणाली की ओवा खा म्हणत आलो.

मणी छातीला लागत होते. आधी त्यांत तिची ऊब होती. हळूहळू ती माझीच होत गेली. जाऊ नये म्हणून मी मणी मुठीत धरले, तर ती आणखीच माझी झाली.

तासाभराने स्ट्रेचर बाहेर आलं. गाठीचा रिपोर्ट आठवड्याने मिळणार होता. गुंगीतच तिचा हात स्वतःच्या गळ्याशी चाचपडला आणि दचकला. मी खाली वाकलो. माझ्या कॉलरपाशी तिला मणी सापडले. ते मुठीत धरून ती पुन्हा झोपली.

"काका, जरा बाजूला व्हा," सिस्टर म्हणाल्या.

मी तसाच वाकून स्ट्रेचरबरोबर चालू लागलो.