शेवटच्या डब्याची पाटी

मला चौकशा करायची खोड आहे. बँकेत साहेब चिडायचे, घरी नवरा हात जोडायचा, पण गप्प बसेन तर शपथ! तेव्हा कानोताच्या धरणावर साठीचा एक गृहस्थ सायकलच्या मागे लाल पत्र्याची पाटी लटकवून उभा दिसल्यावर मी काय सोडते त्याला?

दोन हजार सातचा डिसेंबर होता. आमची बदली जयपूरला होऊन वर्ष झालं होतं, शास्त्री नगरात राहत होतो. परेश नावाचा एक मुलगा जयपूर ते उदयपूर, अरवलीच्या डोंगरातून, पाच दिवसांची सायकल सहल नेणार होता. परेश आमच्यातलाच, म्हणजे मराठी, पण जन्म जयपूरचा. मराठी बोलताना धापा टाकायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी नाव दिलं. दर रविवारी कानोताला सराव. तिथेच हे गृहस्थ भेटले, सुखदेव वानखडे.

"ही पाटी कसली हो काका?"

"एल. व्ही.ची," ते म्हणाले. "लास्ट व्हेईकल. मी मालगाडीवर गार्ड होतो न ताई, चौतीस वर्सं. स्टेशनातून गाडी जाते तवा मास्तर इंजन नाई पायत, शेवटच्या डब्याची पाटी पायते. पाटी दिसली की गाडी पुरी. नाई दिसली, तर मधातच डबे तुटून राह्यले असं समजा."

काका मूळचे अकोटचे. नोकरीने अकोल्याहून उचलून जयपुरात आणून टाकलं ते कायमचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. खातीपुऱ्यातल्या घरून कानोता म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, तेवढं अंतर सायकलने कापून ते आमच्याआधी हजर असायचे. परेशने त्यांना सगळ्यांच्या मागून यायचं काम दिलं होतं. कोणी रेंगाळलं, कोणाची साखळी पडली, तर काका बघणार. सामानाची जीप पुढे जाऊन वळणावर थांबायची आणि काकांची पाटी गेली की मगच तिथून हलायची. ही युक्ती काकांचीच.

एकदा मी त्यांच्या घरी गेले. "जयभीम, या," म्हणत इंदुमतीकाकूंनी दार उघडलं, चहा टाकला आणि हळूच म्हणाल्या, "तुमी परेशले सांगजा न. ह्यायले ठेवून घे म्हनाव. दोन वर्सं नुसते खिडकीत बसून राहत होते. आता कसे पोटभर जेवतात!"

परेशची अट मला तेव्हा कळली. त्याने काकांना सांगितलं होतं, "मतलब काका, ही टूर बघू. एकदा पण तुम्हाला जीपमध्ये घालून आणावं लागलं ना, तर पुढच्या टूरला मी कोणी जवान माणूस घेणार."

"मी त सुटलेला डबा झालो होतो ताई," काका मला म्हणाले. "आता पुन्हा गाडीले लागलो. एवढे पाच दिवस नीट जावो." त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

निघालो आम्ही अकरा जण, शिवाय पुढे परेश आणि मागे काका. रोज सकाळी परेश पुढे उभा राहून शिट्टी फुंकायचा आणि सगळे सुटायचे. मागे काका हिरवा रुमाल काढून हात वर करायचे. कोणीच बघायचं नाही. मी सगळ्यात संथ, त्यामुळे कायम त्यांच्या पुढ्यात, म्हणून मला तेवढं दिसायचं.

"कोणाला दाखवता हो?"

"कोनालेच नाई. पन गार्डानं झेंडी दाखवल्याबिगर गाडी हलत नसते. आपलं काम आपून करा."

अजमेर झालं, ब्यावर झालं, देवगढ झालं. मी कितीही रखडले तरी काका मला ओलांडून गेले नाहीत. मला आधी वाटलं, वयामुळे दम लागतो बिचाऱ्यांना! तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम उतरून गवतात बसले. तेही मागे दहा हातांवर उतरून उभे. अर्धा तास! शेवटी मलाच लाज वाटली.

चौथ्या दिवशी कुंभलगढचा चढ. दुपारी साडेतीनला माझं मागचं टायर फाटलं. माझा जीव आधीच कंठाशी आला होता, त्यात हे. मी रस्त्यातच बसून चक्क रडायला लागले. काका धावत आले. मोबाईलला रेंज नाही, जीप वर वळणावर.

"उठा ताई, रडू नका. माही सायकल घ्या अन् निंगा. उजेड आहे तोवर पोचा. मी आतून ट्यूबचा तुकडा लावतो अन् आलोच." माझ्यासाठी त्यांनी सीट खाली केली, मला पाणी पाजलं, वर बसवलं. मी निघाले.

वळणावर जीप उभी होती. मी हात केला नि पुढे गेले. थोड्या वेळाने जीप मला ओलांडून वर गेली. म्हटलं, गेले काका जीपमधून. माझ्यापायी गेलं त्यांचं काम! पुढचा सगळा चढ मी स्वतःला शिव्या घालत चढले.

हॉटेलच्या फाटकात ड्रायव्हर उत्तमजी चहा पीत होते.

"काका कुठे आहेत?"

"पीछे. आपके साथ." मग त्यांनी माझ्या सायकलकडे बोट केलं. "पाटी तो सामने से निकल गयी थी मॅडम!"

मी मागे वळून पाहिलं. पाटी माझ्याच मागे लटकत होती.

परेश, उत्तमजी आणि मी जीप घेऊन सुटलो. काकांची सायकल टपावर बांधली, सुटं टायर घेतलं. अडीच किलोमीटर खाली काका दिसले. ट्यूबचा तुकडा टिकला नव्हता, माझी सायकल ढकलत, घामाने निथळत येत होते. पहिला प्रश्न काय असावा?

"सगळे पोचले काय?"

"पोचले काका. बसा आता," परेश म्हणाला.

"उत्तमजीले बोलू नका," काका म्हणाले. "चूक माही. ताई रडत होत्या अन् मी पाटी काढाले इसरलो. चौतीस वर्सांत असं नाई झालं." मान खाली घालून एवढं बोलले, पण जीपमध्ये काही बसेनात.

मला राहवलं नाही. "अरे परेश, टायर बदल ना! बघतोस काय?"

त्याने टायर बदललं. काकांना त्यांची सायकल मिळाली, मला माझी. परेश उत्तमजींना जीप मागे ठेवायला सांगणार, तोच काका ओरडले, "पुढं न्या! पाटीच्या मागं काही नसते."

तोच चढ मी पुन्हा चढले. नवऱ्याला हे अजून पटत नाही. दिवेलागणीला फाटकातून आधी जीप गेली, मग मी, मग काका. काका न जेवता झोपले.

सकाळी पाहते तो काकांच्या सायकलला पाटी नाही. त्यांनी ती पिशवीत घालून ठेवली होती. परेश आला, पिशवी उघडली, पाटी काढून स्वतःच्या हाताने मागे अडकवली आणि पुढे गेला. शिट्टी तोंडाशी नेली, पण फुंकली नाही. वळून मागे बघत उभा राहिला. मग एकेक करून आम्ही अकराही जण वळलो.

काका गोंधळले. खिसे चाचपडले, रुमाल सापडेना. मग सापडला. त्यांनी तो वर धरला.

त्यानंतर परेशने शिट्टी वाजवली.